ताई, एसओपीचा सातवा ड्राफ्ट चाललाय!

मागच्या अंकात मी एका वाक्यात इतिहासातल्या पीएचडीचा उल्लेख केला काय आणि मेलबॉक्स भरला काय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न चार-चार जणांनी विचारलेत तेवढे घेतलेत. बहुतेकांचा रोख अमेरिकेवर आहे म्हणून उत्तरंही तिकडचीच. ब्रिटनचं जिथे अगदीच वेगळं आहे तिथे सांगितलंय. (एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, मला कशावर आणि का संशोधन करायचंय हे सांगणारा अर्जासोबतचा छोटा लेख.)

ताई, एसओपीचा सातवा ड्राफ्ट चालू आहे. सुरुवात अशी केलीय की लहानपणी आजोबा गोष्टी सांगायचे आणि तिथून इतिहासाची गोडी लागली. मैत्रीण म्हणते हे काढ. खरंच काढू? आणि काढलं तर मग लिहू काय? – सातव्या ड्राफ्टवाली

मैत्रिणीला माझ्याकडून शाबासकी दे. काढ. आजोबांवर माझा काही राग नाही, पण मी दोन वर्षं अ‍ॅडमिशन कमिटीत बसलेय आणि जानेवारीत एका संध्याकाळी तीस-पस्तीस फायली वाचायच्या असतात, त्यात निम्म्या फायलींत कुणाचे ना कुणाचे आजोबा, नाहीतर शाळेची म्युझियमची ट्रिप. तिसऱ्या आजोबांनंतर डोळे आपोआप दुसऱ्या पॅराग्राफवर उडी मारतात. इतिहासाची आवड आहे हे आम्ही गृहीतच धरलेलं असतं गं, नाहीतर सात वर्षं कोण घालवेल यात!

आम्ही शोधत असतो तो प्रश्न. विषय नाही हं, प्रश्न. "मला हिंदी महासागरातल्या व्यापाराच्या इतिहासात खूप रस आहे" हा झाला विषय, आणि यातून वाचणाऱ्याला तुझ्याबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. आता हे बघ: १८६९ ला सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं वाढली, त्या जहाजांच्या पोटात भट्टीसमोर उभं राहून कोळसा ढकलणारे जे लास्कर, म्हणजे युरोपीय जहाजांवरचे हिंदुस्थानी-आशियाई, खलाशी होते ते नोकरीच्या करारावर अंगठा उठवायचे, तर तो करार त्यांना वाचून कोण दाखवायचं, वाचून दाखवताना काय गाळायचं, आणि दूरच्या बंदरात पोचल्यावर पगारावरून भांडण झालं तर कोर्टात त्यांच्या वतीने बोलायचं कोण? हा झाला प्रश्न. हा वाचला की मी खुर्चीत सरळ बसते. मग पुढची दोन वाक्यं अशी हवीत की हे शोधायला कागद कुठे आहेत हे तुला ठाऊक आहे, म्हणजे ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स (हिंदुस्थानच्या ब्रिटिश कारभाराचे कागद), जहाजांचे क्रू-करार, बंदरातल्या वर्तमानपत्रांतल्या कोर्टाच्या बातम्या वगैरे. आणि त्यापुढची दोन अशी की या खलाशांवर आधीच भरपूर काम झालंय हे तू वाचलंयस आणि त्यात तुला नेमकं काय खटकतंय. "यावर आजवर कुणीच काम केलेलं नाही" हे वाक्य मात्र चुकूनही नको. शंभरातल्या नव्वद वेळा ते खोटं असतं आणि कमिटीत बसलेल्या कुणाचा तरी मित्र नेमकं त्यावरच पुस्तक लिहून बसलेला असतो.

आता तू म्हणशील की एवढं नेमकं लिहिलं आणि पुढे विषय बदलला तर? बदलणारच! माझा दुसऱ्याच वर्षी बदलला. एसओपी म्हणजे काही करारनामा नाही, त्यात आम्ही एवढंच बघतो की या मुलीला प्रश्न विचारता येतो की नाही.

शेवटी येतो "तुमच्याकडेच का" हा पॅराग्राफ. तिथे दोन-तीन प्राध्यापकांची नावं आणि त्यांच्या कामाशी तुझा धागा कुठे जुळतो ते. आधी त्यांचं अलीकडचं निदान एक आर्टिकल वाच आणि ते रिटायर तर होत नाहीयेत ना ते बघ, वेबसाइटवर नावापुढे एमेरिटस लिहिलेलं असलं तर ते नवीन विद्यार्थी घेत नाहीत. विद्यापीठ किती जुनं, लायब्ररी किती मोठी, ही स्तुती नको, आम्हाला माहितीये ती. आणि पाठवायच्या आधी विद्यापीठाचं नाव तीनदा तपास. का म्हणतेय ते शेवटच्या उत्तरात कळेल.

प्राध्यापकांना आधी मेल करावा असं सगळे सांगतात म्हणून मी बावीस जणांना केला. दोघांची उत्तरं आली, त्यातलं एक "ऑल द बेस्ट" एवढंच. माझं काही चुकलं का?

बावीस म्हणजे एकच मेल नाव बदलून गेला असणार, खरं सांग. तो ओळखू येतो रे.

अमेरिकेत मेलचा उपयोग मर्यादित आहे हे आधी समजून घे. तिथे एकटा प्राध्यापक तुला घेऊ शकत नाही, निर्णय डिपार्टमेंटची कमिटी करते, त्यामुळे कुणी खूप गोड उत्तर दिलं म्हणून हुरळून जायचं नाही आणि नाही दिलं म्हणून मनाला लावून घ्यायचं नाही. मेलमधून काढायची माहिती एकच, की ते यंदा विद्यार्थी घेताहेत का. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सात-आठ ओळी, त्यातल्या दोन तुझ्या प्रश्नावर, एक त्यांच्या कामावर. सीव्ही जोडलास तर चालेल, पण चाळीस पानांचा थिसिस नको. दोन-तीन आठवडे गेले तर एक आठवण करायची आणि मग सोडून द्यायचं.

ब्रिटनमध्ये याच्या उलट. तिथे कोर्सवर्क जवळजवळ नसतंच, तीन-चार वर्षांत थिसिस लिहून मोकळं व्हायचं असतं (ऑक्सफर्डमध्ये त्याला डीफिल म्हणतात, पदवी तीच), त्यामुळे सविस्तर रिसर्च प्रपोजल आधीच द्यावं लागतं आणि जो गाइड होणार त्याला ते पटलं नाही तर पुढे काही सरकत नाही. तिथे मेल म्हणजे अर्धी लढाई. पण तिकडे एक गोम आहे, प्रवेश मिळणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. केंब्रिजची गेट्स केंब्रिज, ऑक्सफर्डची क्लॅरेंडन असल्या स्कॉलरशिपा आहेत पण थोड्या, आणि प्रवेश मिळूनही पैशांअभावी न गेलेली मुलं मी बघितलीयेत.

मी इंजिनिअर आहे, चार वर्षं नोकरी झाली. इतिहास फक्त स्वतःच्या वाचनातून. एमए नाही. माझा विचारच वेडेपणाचा आहे का?

वेडेपणा नाही, पण वाट लांबची आहे. अमेरिकेत बहुतेक इतिहास विभाग एमए असलंच पाहिजे असं म्हणत नाहीत, बीएनंतर थेट पीएचडीला घेतात आणि एमए वाटेत मिळून जातं. इंजिनिअरिंगची डिग्री आडवी येत नाही. आडवं येतं ते रायटिंग सँपल.

हे प्रकरण लोक फार हलक्यात घेतात. साधारण वीस-पंचवीस पानांचा लेख मागतात, आणि माझं प्रामाणिक मत विचारशील तर अख्ख्या अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच. याचं कारण जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये रांके नावाचा इतिहासकार विद्यार्थ्यांना घेऊन बसायचा आणि मूळ कागदपत्रं पुढ्यात ठेवून त्यांच्यावर वाद घालायला लावायचा. ही सेमिनारची पद्धत जर्मनीतून अमेरिकेत गेली, १८७६ ला बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स सुरू झालं आणि तिथून ती फोफावली, आजही पहिली दोन वर्षं टेबलाभोवती बसून तेच चालतं. त्यामुळे कमिटी सँपलमध्ये शोधते की हा माणूस मूळ कागदाशी झोंबू शकतो का. दहा पुस्तकं वाचून त्यांचा छान सारांश लिहिलेला लेख तिथे चालत नाही, कितीही सुंदर लिहिलेला असो. तुझ्याकडे असा लेख नसेल तर तो लिहायला एक वर्ष काढ. छोटा विषय घे, एखाद्या खटल्याचे कागद, एखाद्या कंपनीची पत्रं, एखाद्या वर्तमानपत्राची पाच वर्षं, आणि कुणा इतिहासकाराला दाखवून दोनदा फाडून घे.

दुसरी अडचण शिफारसपत्रांची. मॅनेजरचं पत्र चालणार नाही, त्याने तुला कितीही प्रमोशन दिलेली असोत. तीन पत्रं लागतात आणि त्यातली किमान दोन तुझं संशोधन-लिखाण बघितलेल्या माणसांची हवीत. म्हणून तुझ्या बाबतीत मी आधी एखादं एमए करच म्हणेन, मुख्यतः ही माणसं मिळवण्यासाठी. पण त्याच्यासाठी मोठं कर्ज काढू नकोस.

तिसरी गोष्ट भाषा. मध्ययुगीन युरोप म्हणशील तर लॅटिन लागणारच. ऑटोमन साम्राज्य म्हणशील तर आजची टर्किश शिकून भागत नाही, कारण तुर्कस्तानाने १९२८ ला लिपी बदलली, त्याआधीचं सगळं अरबी लिपीत आणि भाषाही बरीच वेगळी. जर्मनचं असंच, छापील पुस्तक भराभर वाचणारा माणूस जुन्या हस्ताक्षरातलं एक पत्र पुढे आलं की थिजतो. कमिटीला तू आजच पंडित असावास असं वाटत नाही पण सुरुवात केलेली दिसली पाहिजे. नोकरी सांभाळून रोज एक तास भाषा, हे मात्र इंजिनिअर लोक आमच्यापेक्षा चांगलं करतात.

जीआरई द्यायची का?

बऱ्याच इतिहास विभागांनी, विशेषतः २०२० नंतर, ही प्रवेशपरीक्षा काढूनच टाकलीय. ज्या पाच-दहा ठिकाणी अर्ज करणार त्यांची पानं उघडून बघा, एकानेही मागितली नसेल तर देऊ नका. टोफेल किंवा आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचं वेगळं, इंग्रजी माध्यमात डिग्री झालेली असेल तर अनेक ठिकाणी माफ होते पण ते लेखी विचारून घ्या, डिसेंबरात धावपळ नको.

सर म्हणाले, तूच लिहून आण पत्र, मी सही करतो. आता?

हा प्रश्न सहा जणांनी विचारलाय, म्हणजे बघा!

सरांना नाही म्हणणं अवघड असतं मला कळतं. पण एक तर ते खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे ते पकडलं जातं. एकाच फायलीतल्या तीन पत्रांची भाषा आणि एसओपीची भाषा सारखी असली की वाचणारा ओळखतो, विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो तेव्हा "मेहनती, प्रामाणिक, जिज्ञासू" असली विशेषणं घालतो आणि चांगला शिक्षक लिहितो तेव्हा एखादा प्रसंग सांगतो. "हिने तिसऱ्या आठवड्यात येऊन मला सांगितलं की मी वर्गात दिलेली तारीख चुकीची आहे, आणि ती चुकीचीच होती" अशा एका वाक्याचं वजन विशेषणांच्या पोत्याला येत नाही.

तर असं कर. सरांना म्हण, सर, तुमचा वेळ वाचावा म्हणून मी एक पानाची टिपणं आणलीयेत. त्यात तू त्यांच्याकडे काय शिकलास, कुठल्या पेपरवर त्यांनी काय शेरा दिला होता, नंतर तू त्यात काय बदललंस, आता कुठे आणि कशासाठी अर्ज करतोयस, तारखा. सोबत एसओपी आणि सँपल. निम्मे सर यावर स्वतः लिहितात कारण आता ते सोपं झालेलं असतं. तरीही नाहीच म्हणाले तर दुसरा शिक्षक शोध, नाव कमी मोठं असलं तरी चालेल. मोठ्या नावाचं चार ओळींचं कोरडं पत्र फाइलीचं नुकसानच करतं.

फॉर्मवर एक चौकट असते, पत्र बघण्याचा हक्क सोडता का म्हणून. अमेरिकेतल्या १९७४ च्या एका कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या फायलीतली पत्रं बघायचा हक्क दिलाय, त्याबद्दल आहे ते. सोडतो म्हणून टिक कर. नाहीतर पत्राला कुणी फारसं मोल देत नाही.

मुलाने पीएचडीसाठी अर्ज केले होते. एका अतिशय नामांकित विद्यापीठाने पीएचडीला नाही म्हटलं पण एमएला घेतो म्हणाले, फी भरून. एका राज्य विद्यापीठाने पाच वर्षांच्या फंडिंगसकट पीएचडीला घेतलंय. मुलगा नामांकित ठिकाणी जायचं म्हणतोय, त्याचे बाबा घर तारण ठेवायचं म्हणतायत. १५ एप्रिलच्या आत कळवायचंय. – एक आई

काकू, घर तारण ठेवू नका. हे मी आधी लिहिते आणि मग बाकीचं.

अर्ज पीएचडीचा आणि उत्तर एमएचं, हे आता सर्रास होतं. ते पत्र इतकं गोड लिहिलेलं असतं की वाटतं अर्धा प्रवेश झालाच. तसं नसतं, त्या एमएनंतर पुन्हा सगळ्यांबरोबर नव्याने अर्ज करायचा असतो आणि त्याच विद्यापीठात पीएचडी मिळेल याची काहीही हमी नसते. विभागाला त्या फीचा आधार असतो, एवढं म्हणून थांबते.

दुसऱ्या पत्रात काय आहे ते नीट वाचा. पीएचडीच्या फंडिंगमध्ये साधारणपणे ट्यूशन माफ, आरोग्य विमा आणि राहण्याखाण्यासाठी स्टायपेंड असतो, त्या बदल्यात काही वर्षं टीए, म्हणजे प्राध्यापकांचा शिकवणीतला मदतनीस, म्हणून शिकवायचं. स्टायपेंडमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, प्रिन्स्टनने २०२२ मध्ये तो साधारण ४०,००० डॉलरपर्यंत नेला, राज्य विद्यापीठांत बऱ्याचदा त्याहून खूप कमी असतो, पण शहरही स्वस्त असू शकतं. मुलाला हे विचारायला सांगा: पैसे नऊ महिन्यांचे की बारा, उन्हाळ्यात काय? ट्यूशन माफ असली तरी वेगळ्या फिया किती? स्टायपेंडवर टॅक्स कापून हातात काय येतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सहाव्या वर्षी काय? कारण फंडिंग पाच वर्षांचं आणि इतिहासाची पीएचडी मात्र सात-आठ वर्षंही खाते. दोन वर्षं कोर्स, तिसऱ्यात मोठी परीक्षा, मग प्रॉस्पेक्टस (थिसिसचा आराखडा), मग वर्षभर अर्काइव्हमध्ये, मग लिहिणं. हे सगळं प्राध्यापकांपेक्षा तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावं, ते खरं बोलतात. आणि मुलाचं लग्न झालेलं असेल तर सुनेच्या व्हिसाचंही बघा, विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर नोकरी करता येत नाही.

एकच कारण असं आहे की ज्यासाठी मी दुसरी ऑफरही नाकारायला सांगेन, तिथे त्याच्या विषयाचा माणूसच नसेल तर. नाहीतर विभागाच्या नावापेक्षा गाइडचं नाव पुढे जास्त काम करतं, हे मुलाला माझं नाव सांगून ऐकवा.

१५ एप्रिलचं म्हणाल तर ती तारीख अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावातली आहे. त्यावर सही केलेल्या विद्यापीठांच्या फंडिंगच्या ऑफरला त्याआधी उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. त्यामुळे कुणी मार्चमध्येच घाई करत असेल तर शांतपणे ही तारीख दाखवावी.

दोन वर्षं, सतरा अर्ज, सतरा नकार. तिसऱ्यांदा करू का? खरं सांगा, गोड बोलू नका.

खरं सांगते. सतरापैकी किती नकार तुझ्या अर्जाला होते हे तुला कधीच कळणार नाही. मोठ्या विभागांत शेकड्यांनी अर्ज येतात, जागा दहा-वीस, त्याही क्षेत्रवार वाटलेल्या. मागच्या वर्षी तुझ्या क्षेत्रात तिघांना घेतलं असेल तर यंदा शून्य. प्राध्यापक सुट्टीवर असेल तरी शून्य. आणि कधी कधी दारच बंद असतं: कोविडच्या वर्षी मानव्यशास्त्रातल्या अनेक विभागांनी प्रवेश थांबवले होते आणि २०२५-२६ साठी बोस्टन युनिव्हर्सिटीने इतिहासासकट डझनभर विषयांत नवे पीएचडी विद्यार्थी घेतलेच नाहीत. म्हणून अर्जाची फी भरण्याआधी यंदा घेताहेत का एवढं विचारून घ्यायचं, आणि फी माफ होते का तेही.

पण सगळे नकार नशिबावर ढकलू नकोस. गेल्या वर्षीच्या अर्जात आणि त्याच्या आदल्या वर्षीच्यात काय फरक होता? तारखा सोडून काहीच नसेल तर तिसऱ्यांदा तोच पाठवू नकोस. नवं सँपल, नवी भाषा, नवं पत्र, यातलं निदान एक झाल्याशिवाय फी भरू नकोस. आणि सतरा ठिकाणी तुझ्या विषयाची माणसं होती? मला नाही वाटत. सात निवड, पण प्रत्येक ठिकाणी दोन माणसं तुझा प्रश्न समजणारी हवीत. शेवटची नावडती गोष्ट, प्राध्यापकीच्या जाहिराती २००८ नंतर ज्या घसरल्या त्या परत वर आल्याच नाहीत. प्राध्यापकी मिळालीच नाही तरी ही सात वर्षं तुला हवी आहेत का, याचं उत्तर हो असेल तर कर.

माझीही पहिली खेप नऊ अर्ज, नऊ नकार अशीच होती. एका एसओपीत दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलं होतं, तो नकार तर मी पैसे देऊन विकत घेतला म्हण. बाकीच्यांचं कारण कळत नव्हतं. ज्यांच्याशी आधी दोन-तीन मेल झाले होते अशा एका प्राध्यापकांना मे महिन्यात विचारलं, नकाराचं कारण नाही, फक्त सँपलमध्ये काय सुधारू. महिन्याने दोन ओळी आल्या, की पहिली दहा पानं दुसऱ्यांनी काय म्हटलंय तेच सांगतात, तुझं म्हणणं अकराव्या पानावर सुरू होतं. त्या उन्हाळ्यात मी पहिली दहा पानं कापली आणि लेख अकराव्या पानापासून सुरू केला.